फासा कोणाच्या हातात? पटावरचे नवे खेळ आणि आपला कारोबार

या पानावर आम्ही आजवर सूत, सायझिंग, मजुरीचे दर आणि उधारीची वसुली याखेरीज दुसऱ्या विषयावर फारसे लिहिलेले नाही. आज मोबाईलवरच्या खेळांबद्दल लिहायला बसलो आहोत, हे पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. व्यापाराच्या पानावर पोराटोरांचे खेळ कशाला, असे ते विचारतील. त्यांना विनंती एवढीच की, शेवटपर्यंत वाचावे आणि मग राग धरावा.

गोष्ट २०२३ सालच्या हिवाळ्यातली आहे. विट्यात आमच्या ओळखीच्या एका शेडमध्ये कांड्या भरणारा एक पोरगा आहे. एकाच महिन्यात त्याने तिसऱ्यांदा उचल मागितली. पहिल्या वेळी आईचे आजारपण, दुसऱ्या वेळी घराचे पत्रे, तिसऱ्या वेळी त्याला कारणच सापडेना. दिवाणजींनी त्याला आमच्यासमोर आणून उभे केले. बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "शेठ, गेममध्ये गेले." वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपयांचे डाव लावून त्याने जवळपास तीन महिन्यांची मजुरी घालवली होती. खेळ कुठला, तर आपण सर्वांनी लहानपणी खेळलेला लुडो.

त्याच आठवड्यात कराडहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगी पुण्यात चित्रकलेचे शिक्षण घेऊन एका कंपनीत लागली होती. कंपनी संगणकावरचे खेळ तयार करते. मुलीला स्थळे येत होती आणि पाहुणे विचारत होते, मुलगी काय काम करते? बहीण रडवेल्या आवाजात म्हणाली, "भाई, गेम बनवते म्हटले की लोक जुगाराचा धंदा समजतात. मी सांगू तरी काय?"

शेडमधला पोरगा गेममध्ये बुडाला आणि भाची गेममधून रोजी कमावते. शब्द एकच, पण वस्तू एकच आहे काय? न पाहता थान घेणारा व्यापारी शहाणा नव्हे. म्हणून आम्ही भाचीला चार दिवस विट्याला बोलावून घेतले आणि तिच्याकडून हा माल उलगडून, दोन्ही बाजूंनी पाहून घेतला. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

पट आपल्याच कापडाचा

लुडो हा विलायती खेळ आहे असा अनेकांचा समज आहे. पण त्याचे मूळ आपली पचिसी आणि चौसर. पचिसीचा पट बहुधा कापडाचा असे. अधिक चिन्हासारखा आकार, चार हात, प्रत्येक हातावर तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत आठ घरे. कापडावर कापड शिवून किंवा भरतकाम करून हा पट तयार होई आणि खेळ संपला की गुंडाळून ठेवता येई. चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि दान टाकायला कवड्या. पंचवीस हे मोठे दान, त्यावरूनच पचिसी हे नाव. फतेहपूर सिक्रीच्या राजवाड्यात अंगणातल्या फरशीवरच पचिसीचा भव्य पट आखलेला आहे. तिथे सोंगट्यांच्या जागी माणसे उभी करून बादशहा अकबर खेळत असे, असे सांगतात.

इंग्रजांनी हाच खेळ मायदेशी नेला. कवड्या काढून टाकल्या, फासा आणला, नियम सोपे केले आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये लुडो या नावाने त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडचा कापूस स्वस्तात नेऊन त्याचेच कापड मँचेस्टरहून आपल्याला विकले, तसाच हा प्रकार. पुठ्ठ्यावर छापलेला लुडो परत आपल्या बाजारात आला आणि आपण तो परदेशी म्हणून विकत घेतला.

पुढची गोष्ट मात्र वेगळी घडली. नवी मुंबईतल्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१६ साली लुडो किंग नावाने हाच खेळ मोबाईलवर आणला. कंपनीचे संस्थापक विकास जयस्वाल हे मूळचे बिहारचे. २०२० च्या टाळेबंदीत देशभर लोक घरात अडकले आणि या खेळाला अशी मागणी आली की कंपनीला यंत्रणा रातोरात वाढवावी लागली. पुढे त्याच्या डाऊनलोडचा आकडा पन्नास कोटींच्या वर गेला. चार माणसे चार गावांत बसून एकच पट खेळू लागली.

टाळेबंदीत माग बंद होते तेव्हा परप्रांतातले काही कामगार विट्यातच अडकले होते. त्यांतला एक विणकर रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन ओट्यावर बसे. आम्हाला वाटे, काय हा रिकामटेकडेपणा. भाचीकडून सर्व समजून घेताना आठवण झाली म्हणून त्याला विचारले. तो म्हणाला, "गावाकडे मुलगी आहे शेठ, सात वर्षांची. फोनवर बोलायला लाजायची. खेळायला लागली की मात्र तासभर बडबडायची." हा खेळ फुकट होता, पैशाची बाजी नव्हती. हेही ध्यानात ठेवावे.

गंजिफात बसलेला गलाईवाला

आता भूमिकेकडे वळू. नव्या खेळांचे एक मोठे अंग म्हणजे खेळणारा स्वतः कोणीतरी बनतो. कोणी शिपाई, कोणी वैद्य, कोणी व्यापारी. मग त्या नात्याने तो चालतो, लढतो, कमावतो. भाचीने हे सांगितले तेव्हा आम्ही म्हणालो, हे तर जुनेच आहे. शाळेत उर्दू पुस्तकांतून अकबराच्या दरबाराची माहिती वाचली होती, ती उपयोगी पडली.

अबुल फजल याने आईन-ए-अकबरीत गंजिफाचे वर्णन केले आहे. गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांचा खेळ. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या आपल्या मित्राला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. नेहमीच्या मुघल गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते. रंगांची नावे पाहा: ताज, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, सफेद म्हणजे चांदीचे नाणे, बरात म्हणजे सरकारी कागदपत्र आणि किमाश म्हणजे कापडचोपड, माल. दरबारात ज्या ज्या खात्यांवर राज्य चालते ती सारी पत्त्यांत आली होती आणि आपले कापडही त्यांत होते.

अकबराने तर पुढे जाऊन पत्त्यांवरची चित्रे बदलून घेतली. सोन्याच्या रंगात बादशहा आणि वजीर यांच्या खाली जवाहिर, धातू वितळवणारा, तोलणारा, नाणे पाडणारा अशी कारागीर माणसे बसवली. कागदपत्रांच्या रंगात कागद करणारा, रेघा आखणारा, लिहिणारा, नक्षी काढणारा. आमच्या विट्याच्या आणि खानापूर-आटपाडी भागाच्या वाचकांना सांगणे नलगे की, धातू वितळवणारा म्हणजे आपला गलाईवाला. आज इथले गलाई व्यावसायिक देशातल्या गावोगावच्या सराफ बाजारांत बसलेले आहेत. चारशे वर्षांपूर्वी त्यांच्या हुनरला बादशहाच्या पत्त्यांत जागा होती.

गंजिफाचा कारोबार महाराष्ट्रात सावंतवाडीला टिकला. तिथे दशावतारी गंजिफात दहा रंग आणि १२० पत्ते असतात. एक काळ असा आला की हे काम करणारे हात जवळजवळ संपले होते. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात कारागिरांना राजवाड्यात बसवून ही कला पुन्हा उभी केली. कारागिरीला आसरा आणि गिऱ्हाईक मिळाले तर ती मरत नाही, एवढाच त्याचा मतलब.

सोंगटी म्हणजे खेळणारा स्वतः

सापशिडी सर्वांना ठाऊक आहे. तिचे जुने रूप ज्ञान चौपड. महाराष्ट्रात त्याला मोक्षपट म्हणतात आणि परंपरेने त्याचे नाते संत ज्ञानेश्वरांशी जोडले जाते. सुफी परंपरेतही अशा पटाचे नमुने आहेत, त्याला शतरंजुल आरिफीन म्हणत. घराघरात माणसाच्या गुणदोषांची नावे. चांगल्या गुणावर पडलात तर वर चढाल, गर्व किंवा हाव यांवर पडलात तर खाली घसराल.

इथे सोंगटी म्हणजे लाकडाचा तुकडा नव्हे, तो खेळणारा स्वतः आहे. त्याचा जन्मभराचा प्रवास पटावर मांडला आहे. पट आणि भूमिका यांचा मेळ आपल्याकडे असा फार पूर्वीच घातला गेला होता. फरक इतकाच की तिथे खेळणाऱ्याला निवड नव्हती. दान पडेल तसे चालायचे.

चांभारकाम करणाऱ्याचा शोध

निवडीचा भाग अमेरिकेतून आला. त्याची हकिकत कारागीर वाचकांनी मुद्दाम वाचावी. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ राहत असे. विमा कंपनीतली नोकरी १९७० साली गेली. घरी बायको-मुले. पोटासाठी तो तळघरात जोडे दुरुस्त करू लागला आणि फावल्या वेळी खेळांचे नियम लिहू लागला. डेव्ह अर्नेसन या मित्राबरोबर त्याने एक खेळ तयार केला. खेळणाऱ्यांनी एकेक पात्र घ्यायचे, एकाने सूत्रधार व्हायचे. सूत्रधार प्रसंग सांगेल, पात्रे काय करायचे ते ठरवतील आणि ते जमले की नाही हे फासा सांगेल. पात्राला अनुभव येईल तशी त्याची ताकद वाढेल. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स या नावाने हा खेळ बाजारात आला. पहिली आवृत्ती फक्त एक हजार प्रतींची. खोकी घरीच हाताने जुळवली. साधारण वर्षभरात ती सारी विकली गेली.

भागीदारीत धंदा करणाऱ्यांनी पुढचा भागही ऐकावा. कंपनी १९७३ साली गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी काढली होती. भांडवल कमी पडले म्हणून तिसरा भागीदार घेतला. १९७५ साली डॉन के अचानक वारला आणि हिश्श्यांची मांडणी बिघडली. कंपनी कोट्यवधींची झाली, पण १९८५ साली इतरांनी आपले शेअर विकले आणि गायगॅक्सच्या हातून स्वतःचीच कंपनी गेली. हुनर त्याचा, नाव त्याचे, पण कागद पक्का नव्हता. १९९७ साली ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि १९९९ साली तीही हॅसब्रो या मोठ्या खेळणी कंपनीच्या ताब्यात गेली.

असाच प्रकार आपण ज्याला व्यापार म्हणून ओळखतो त्या खेळाचा. मोनोपॉलीचे मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात आहे. त्यांनी १९०४ साली पेटंट मिळवले होते. १९३५ साली कंपनीने त्यांचे नंतरचे पेटंट पाचशे डॉलरला घेतले आणि पुढच्या विक्रीतला हिस्सा बाईंना मिळाला नाही. नवा डिझाईन काढणाऱ्या आपल्या कारागिरांनी या दोन गोष्टी भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

ताणा आणि बाणा

आता मूळ मुद्दा. नवे खेळ कसे विणले जातात?

पट हा ताणा समजा. तो आधीपासून ताणून बसवलेला असतो: घरे किती, पाळी कोणाची, फासा कसा, कुठल्या घरात काय आहे. भूमिका हा बाणा. खेळणारा आपले पात्र घेऊन आडवा फिरतो, त्याची कमाई, हत्यार, कसब वाढत जाते. नुसता ताणा असेल तर लुडो. नुसता बाणा असेल तर गोष्ट सांगत बसणे. दोन्ही एकत्र आले की वीण तयार होते. त्यात दोन-चार माणसे इंटरनेटने जोडली की खेळाला रंग चढतो, कारण समोर यंत्र नसून माणूस असतो. तो मदतही करतो आणि दगाही देतो.

अनेकांनी एकाच वेळी संगणकावर भूमिका घेऊन खेळायचा एक सुरुवातीचा खेळ इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी तयार केला. त्यात चित्रे नव्हती, सारा मामला अक्षरांचा होता.

पट आणि भूमिका यांचा मेळ घालणाऱ्या खेळांचे दोन-तीन नमुने भाचीने आम्हाला दाखवले. जपानचा डोकापॉन किंगडम हा त्यांतला एक, २००७ सालचा. चार जणांपर्यंत खेळता येतो. नकाशावर घरे आखलेली, चकती फिरवून जेवढा आकडा येईल तेवढी घरे चालायची. वाटेत राक्षसांशी लढून शहरे सोडवायची, मग त्या शहरांचा कर तुमच्या खात्यात जमा होऊ लागतो. शेवटी ज्याची मालमत्ता सर्वांत जास्त तो जिंकतो. म्हणजे हातात तलवार असली तरी निकाल खातेवहीवर लागतो. हे पाहून आमच्या दिवाणजींना फार आनंद झाला.

दुसरा आर्मेलो, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा, २०१५ सालचा. षटकोनी घरांचा पट, प्राण्यांची पात्रे, आजाराने वेडा झालेला राजा आणि त्याची गादी मिळवायला निघालेले चौघे. तिसरा फॉर द किंग, कॅनडाचा, २०१८ सालचा. यात तिघे एकमेकांशी लढत नाहीत, एकत्र चालतात. एकजण पुढे धावला तर तिघेही मरतात. भागीदारीचा धडा यापेक्षा सोप्या भाषेत देता येणार नाही. आणि ज्याचे जगभर नाव झाले तो बाल्डर्स गेट ३, बेल्जियममधल्या लॅरियन कंपनीचा, २०२३ सालचा. जोडे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाच्या खेळातूनच वाढत आलेल्या नियमांवर तो उभा आहे आणि त्यात पडद्यावर वीस बाजूंचा फासा घरंगळताना दिसतो. चौघे मिळून तो खेळू शकतात.

तराजू बंद खोलीत

इथे आमच्यातला व्यापारी जागा झाला. आम्ही भाचीला विचारले, "पटावर फासा सर्वांच्या डोळ्यांसमोर पडतो. मोबाईलमध्ये फासा टाकतो कोण?"

ती म्हणाली, "मामू, खराच प्रश्न तो आहे."

मोबाईलवर फासा फिरताना दिसतो ते नुसते चित्र. आकडा यंत्रातला हिशेब ठरवतो आणि तो हिशेब बहुधा कंपनीच्या संगणकावर होतो. म्हणजे तराजू बंद खोलीत आहे आणि वजन तेवढे आपल्याला बाहेर येऊन सांगितले जाते. पैसा लावलेला नसेल तर याने काही बिघडत नाही, हरलो तर हसून मोकळे. पैसा लावला की मात्र हाच प्रश्न सर्वांत मोठा होतो.

आता कंपनी कमावते कशी ते पाहा. सरळ मार्ग तीन. पहिला, खेळ एकरकमी किमतीला विकणे, जसे आपण थान विकतो. बाल्डर्स गेट, आर्मेलो हे असे विकत घ्यायचे खेळ. दुसरा, खेळ फुकट देऊन मध्येमध्ये जाहिरात दाखवणे. तिसरा, खेळ फुकट, पण आतली सजावट, नवे फासे, पात्राचे कपडे यांसाठी थोडे-थोडे पैसे घेणे. लुडो किंग जाहिराती आणि आतल्या खरेदीवर चालतो. तिसऱ्या मार्गावरही सावध राहावे लागते, कारण मुलांच्या हाती बापाचा फोन असला तर पाच-पन्नास करत मोठी रक्कम जाते. तरी तो विक्रीचा व्यवहार आहे, पैसे देऊन काहीतरी मिळते.

चौथा मार्ग बाजीचा. खेळणाऱ्यांनी पैसे लावायचे, जिंकणाऱ्याने न्यायचे आणि कंपनीने मध्ये आपला कट ठेवायचा. याचा हिशेब आम्ही त्या पोराला कागदावर मांडून दाखवला. समजा दोघे सारख्याच तोडीचे आहेत. दोघांकडे पाचशे-पाचशे रुपये. दर डावाला पन्नास-पन्नास लावले, शंभर जमा झाले. जिंकणाऱ्याला नव्वद मिळाले, दहा कंपनीला. पन्नास डाव झाले आणि दोघांनी पंचवीस-पंचवीस जिंकले. म्हणजे बरोबरी. पण प्रत्येकाचे अडीचशे गेले, कंपनीला पाचशे मिळाले. फासा इमानदार असूनही हा हिशेब आहे. पोरगा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "म्हणजे समोरचा पण हरलाच होता की."

असे खेळ कौशल्याचे की नशिबाचे, यावर बरेच वाद झाले. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयातही पैसे लावून खेळायच्या लुडोबद्दल हाच प्रश्न नेण्यात आला होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने बाजीच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसवला. शेवटी २०२५ साली संसदेने ऑनलाईन खेळांचा कायदा केला, त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्याने वाद बाजूला ठेवला: कौशल्य असो की नशीब, पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाईन खेळ चालवण्यास बंदी. चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही, त्याला बळी मानले आहे. पैशाविना खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांना कायद्याने वेगळे काढून उत्तेजन दिले आहे. मंजुरीनंतर बड्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. पण सरळ दुकान बंद झाले की चोरवाटेचे दुकान उघडते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. कामगाराच्या फोनवर अनोळखी लिंक आली तर सावध राहावे.

आपल्या दीनमध्ये जुगाराची मनाई स्पष्ट आहे, त्यावर आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही. निव्वळ फाशाच्या खेळाबद्दलही उलेमांची मते कडक आहेत. ज्यांना तो प्रश्न पडतो त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही इथे हिशेबापुरते बोलत आहोत.

कापड कसे पडते?

आता भाचीच्या कामाबद्दल. तिला कंपनीत काय करावे लागते असे विचारले तेव्हा तिने उलट आम्हालाच विचारले, "मामू, पॉपलीन आणि जॉर्जेट खांद्यावरून वेगवेगळे का पडतात?"

तीस वर्षे कापड विकून हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. तिचे काम असे की, खेळातल्या पात्रांच्या अंगावरचे कपडे खरे वाटले पाहिजेत. त्यासाठी संगणकात कापडाची जाळी धरतात. ठिपके आणि त्यांना जोडणारे दुवे. उभे दुवे, आडवे दुवे आणि तिरके दुवे. कुठला दुवा किती ताणला जाईल हे ठरवले की कापड सुती वाटेल की रेशमी हे ठरते. आम्ही म्हणालो, हा तर ताणा-बाणाच झाला, आणि तिरका दुवा म्हणजे शिंप्याचा उरेब. उरेबात कापड जास्त ताणते, म्हणून झालर उरेबात कापतात. मुलीने ते लिहून घेतले. मग आम्ही दुकानातून सहा जातींचे तुकडे आणले, टेबलाच्या कोपऱ्यावर टाकून दाखवले. पीळ जास्त असला तर काय होते, खळ निघाली की काय होते, घट्ट विणीचे कापड मोडून का उभे राहते. चार दिवसांत ती आमच्याकडून जेवढे शिकली तेवढे शिकायला दुकानात आलेल्या पोराला चार वर्षे लागतात.

पुण्यात अशी कामे होत आहेत. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीने २०२० साली राजी नावाचा खेळ काढला. त्यात राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैली यांचा वापर आहे. तो पटावरचा खेळ नव्हे, एकट्याने खेळायचा आहे, पण आपल्या मुलखातली नक्षी जगाच्या बाजारात चालते हे त्यावरून समजते. ज्यांच्या घरात नक्षी, भरतकाम, जाळीकाम, पत्र्यावरचे ठोकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यांच्या मुलामुलींना या कामात जागा आहे. आणि खुद्द पटाचेही गिऱ्हाईक आहे. घरी बसून समोरासमोर खेळण्याचा शौक शहरांत पुन्हा दिसतो. कापडी पट, लाकडी सोंगट्या, हाताने रंगवलेले पत्ते हा माल सावंतवाडीचे कारागीर करतातच. आपल्या शिलाईच्या कारखान्यात उरलेल्या तुकड्यांतून कापडी चौपट करून पाहायला फारसे भांडवल लागत नाही. आम्ही शंभर नगांचा प्रयोग केला. सत्तर विकले, तीस अजून पडून आहेत. नफा किरकोळ झाला, पण तोटा झाला नाही. रंग जाणाऱ्या कापडाचा पट कोणी करू नये, पहिल्या वीस नगांत आमची तीच चूक झाली.

शेवटी हिशेब

आता दोन्ही प्रकरणांचे काय झाले ते सांगतो.

शेडमध्ये फोनवर सरसकट बंदी घालावी असे आमच्या मनात आले होते. घातली नाही. माग चालू असताना फोन हातात धरायचा नाही, कारण धोटा उडाला तर डोळा जातो. हा नियम पक्का केला. सुटीत आणि जेवणाच्या वेळी पोरांनी काय खेळावे ते त्यांचे. मात्र उचल देताना दिवाणजी आता दोन शब्द बोलतात आणि तो हिशेबाचा कागद दाखवतात. त्या पोराने दर आठवड्याला थोडे-थोडे कापून देत सव्वा वर्षात उचल फेडली. त्याच्याबरोबर खेळणारा दुसरा एक मात्र उचल न फेडता एका रात्री निघून गेला. त्याचे नाव अजून आमच्या वहीत आहे.

बहिणीला आम्ही फोन करून सांगितले की, पाहुण्यांना सरळ सांग, मुलगी कापडाचे काम करते, संगणकावर. यात एक अक्षर खोटे नाही. आणि ज्यांना जुगार आणि हुनर यांतला फरक समजून घ्यायचा नाही त्यांच्या घरी मुलगी देऊ नये. भाचीला चांगला संगणक घ्यायचा होता. त्याची रक्कम आम्ही दिली, कर्ज म्हणून नव्हे, तिच्या हुनरमधले भांडवल म्हणून. तिने मात्र गायगॅक्सची हकिकत आठवून कागद करून मागितला. तो केला.

वाचक बंधूंना एवढेच सांगणे की, मुलाच्या हाती फोन दिसला की एकदम ओरडू नये. जवळ बसून तीन गोष्टी विचाराव्यात. यात पैसा लागतो काय? लागत असेल तर त्या बदल्यात काय मिळते? आणि फासा कोण टाकतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'जिंकलो तर पैसे मिळतील' असे आले तर फोन बाजूला ठेवायला लावावा आणि वही-पेन्सिल घेऊन पन्नास डावांचा हिशेब त्याच्याच हाताने मांडून घ्यावा.